हाँगकाँगहून आलेल्या टेपा

सिनाइत, इलोकोस सुर
१४ मार्च २०२३, मंगळवार

प्रिय मानांग रिमी,

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तिकडची थंडी सरली म्हणजे दुखणंही सरलं असेल, असं मी आपलं धरून चालले आहे. लसणाची काढणी झाली, अंगणात जुड्या वाळत टांगल्यात आणि घरभर वास भरलाय. माझं झेरॉक्सचं दुकान चालतंय. शाई महागली, पोरं मात्र तशीच कोऱ्या चेहऱ्याने येऊन 'रंगीत काढा' म्हणतात.

हे पाकीट बघून तू दचकशील. रोज तर आपण मेसेजवर बोलतो, मग कागद कशाला? कारण मी दोन ओळी लिहिल्या की तू लगेच फोन करणार, तुझा आवाज चढणार, मग माझा चढणार, आणि सांगायचं ते बाजूला राहून आपण हवापाण्यावर येणार. आपलं दोघी बहिणींचं नेहमीचंच. म्हणून कागद. शेजारच्या फेलीची मुलगी सोमवारी हाँगकाँगला कामावर परत निघाली आहे, तिच्याबरोबर देते. एका बैठकीत लिहून होईल असं वाटत नाही. या दिवसांत मी कशातच एका जागी बसत नाही.

जोरीच्या लग्नाची तयारी म्हणशील तर चर्च ठरलं, २२ एप्रिल, सकाळी. अल्विनच्या घरचे डुकरं दोन कापायची की तीन यावर अजून भांडताहेत. तुझा निरोप मी जोरीला सांगितला, की मालकिणीला नेमकं त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचं आहे, म्हणून तुला येता येणार नाही. ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि मोबाईलवर केकचे फोटो बघायला लागली. तू तिची आई, ती तुझी एकुलती एक लेक, आणि तिच्या पदवीच्या समारंभापासून तुम्ही एकमेकींशी बोलत नाही. मधल्या मधे मी पोस्ट ऑफिस. खरं सांगू, कंटाळा आलाय मला या नोकरीचा.

थांब, गिऱ्हाईक आलं.

आता टेपांचं. जोरी महिन्यापूर्वी मनिलाहून आली तेव्हा म्हणाली, "आंटी, लग्नाच्या जेवणाच्या वेळी पडद्यावर लहानपणचं काहीतरी दाखवतात. सगळ्यांचं असतं. माझं काही आहे का?" आईच्या पेटीत जुन्या व्हिडिओ टेपा होत्या. नानांग गेल्यापासून ती पेटी कोणी उघडली नव्हती. उघडली तर झुरळांचा संसार. काही टेपांना पांढरी बुरशी लागली होती, ती मी कापसाने पुसत बसले. आपला व्हिडिओ कधीच मोडीत गेला, म्हणून कोपऱ्यावरच्या मानोंग कार्दिंगकडून त्यांचा आणला. सौदीहून आणलेला, अजून प्लॅस्टिकच्या कव्हरात. "जपून वापर," म्हणाले, "हा सगळ्या देशांच्या टेपा खातो." मला वाटलं, म्हातारा आपल्या यंत्राची बढाई मारतोय.

दुकानातल्या कॉम्प्युटरला मी कॅप्चर कार्ड बसवून घेतलं. एका बाजूने व्हिडिओच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी खोचायच्या, इकडे टेप लावायची, तिकडे ती फाईल होऊन जमा होते. सोपं वाटतं, पण तासाभराच्या टेपेला पुरा तास लागतो, घाई चालत नाही. ती फिरत असते आणि आपण समोर बसून गेलेली माणसं बघत राहायचं. बाबा, आपले तातांग, पोत्यांत धान्य भरताहेत, नानांग कॅमेरा बघून तोंडावर हात धरते आहे, जोरीचा बाप्तिस्मा, आणि तिचा बाप सेसार, पोरीला कडेवर घेऊन उभा, ज्या जीपनी गाडीच्या अपघातात तो गेला, त्याच्या आदल्या वर्षीचा. त्याच्या खिशाला पेन आहे. एवढं काय लिहायचा तो देव जाणे.

पेटीच्या तळाशी तीन टेपा वेगळ्या होत्या. तिन्हीवर तुझं अक्षर, 'जोरीसाठी'. त्यांतल्या दोन टेपांवर ते खोडून त्यावर 'फिएस्टा' लिहिलेलं. वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून तू टेपेच्या कडेचा छोटा तुकडा मोडून पाठवला होतास, त्या भोकावर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली होती.

आज एवढंच. दोन शिक्षिका आल्यात, त्यांना प्रश्नपत्रिका पाहिजेत.

बुधवार

रात्री झोप नव्हती. सकाळी दुकान उघडलं, बंद केलं, परत उघडलं. लिहायला बसते.

तुझी तिसरी टेप, जिच्यावर काही खोडलेलं नव्हतं, ती मी लावली. नुसते पट्टे. काळे-पांढरे पट्टे वरून खाली धावताहेत, मधेच कोणाचं तरी अर्धं डोकं, आणि आवाज असा की विहिरीत कोणी बादली सोडतंय. म्हटलं, गेली ही. काढून फेकणार होते. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, यंत्र ऐकत नाही म्हटलं की मी सगळी बटणं दाबते. कॉम्प्युटरवर एक यादी उघडते, कुठल्या देशाच्या पद्धतीची टेप आहे ते विचारणारी. आपल्याकडची एक पद्धत, तिकडची दुसरी. मी चिडून दुसरी निवडली.

आणि चित्र उभं राहिलं. रंगांसकट.

तू होतीस. मालकिणीच्या स्वयंपाकघरात, पिवळा एप्रन, केस वर बांधलेले. कॅमेरा बहुतेक फ्रिजवर ठेवला होतास, कारण पहिला काही वेळ नुसतं तुझं कपाळच दिसत होतं, मग तू खाली वाकून बघितलंस आणि हसलीस. किती लहान होतीस गं तू. जोरी आज आहे त्याहूनही लहान.

मानांग, त्या टेपा इथे कोणीही कधीही बघितल्या नाहीत. बघता आल्याच नाहीत. आपल्या व्हिडिओवर तिकडची टेप नुसते पट्टे दाखवायची. हे मला आता कळलं. त्या वर्षांत मी बागिओला टायपिस्ट होते, घरी यायचे ती फक्त नाताळात. मी कायमची परत आले तोवर जोरी आठ वर्षांची झाली होती आणि टेपा पेटीत गेल्या होत्या.

खात्री करायला आंटी साबेलकडे गेले. नानांगच्या पाठची बहीण, तेव्हा आपल्याच घरात राहायची. आता कान गेलेत, जीभ जशीच्या तशी. दारात शेंगा निवडत बसली होती.

"हाँगकाँगच्या टेपा?" म्हणाली. "अगं, ते पट्टे. तुझी आई पोरीला अंघोळ घालून, पावडर लावून समोर बसवायची. सगळी आळी यायची. आणि मग पट्टे."

"मग रिमीला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तिने पोटाला चिमटा घेऊन पाठवलेलं. फोनवर ती विचारायची, बघितली का गं? तुझी आई म्हणायची, बघितली, फार छान, पोरगी तर रोज लाव म्हणते. एकदा छान म्हटलं की दुसऱ्यांदा खराब कसं म्हणणार? भीड असते माणसाला. तू काय बागिओला राहून भीड सोडलीस काय?"

"आणि वर फिएस्टा भरला तो?"

"गावच्या कॅप्टनचा पोरगा जत्रेचं शूटिंग करत होता, टेप संपली. तुझी आई म्हणाली, या खराबच आहेत, घ्या. तुझी चुलत बहीण त्या वर्षी सुंदरी झाली होती. दात पुढे, तरी झाली."

मला हसू आलं आणि तिथेच तिच्या पायरीवर बसून रडूही आलं. आंटीने शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बसलीच आहेस तर निवड."

तू पहिल्या सुटीवर आलीस तेव्हा टेपा कुठे आहेत म्हणून विचारलं होतंस. नानांग म्हणाली होती, जोरीने बघून बघून झिजवल्या. ते तू खरं मानलंस. का नाही मानणार? आणि अंगणात जोरीपुढे कपाळ टेकायला, आशीर्वादासाठी हात धरलास, तर पोरगी नानांगच्या स्कर्टमागे लपली. तू हसण्यावारी नेलंस, पण त्या सबंध सुटीत तू हात परत पुढे केला नाहीस, हे मला नाताळात नानांगनेच सांगितलं. मग पदवीच्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर तुझं तोंड सुटलं. "कॅमेऱ्यापुढे वेड्यासारखी बोलत बसायचे मी तुझ्यासाठी. त्यातली एक गोष्ट ऐकली असतीस तर." आणि जोरी म्हणाली, "कुठला कॅमेरा? तू साबण पाठवायचीस. साबण आणि चॉकलेट." तुला वाटलं ती खोटं बोलते. तिला वाटलं तू खोटं बोलतेस. मी मधे बसून दोघींच्या ताटात भात वाढत होते आणि मलाही वाटलं, मानांग जरा वाढवूनच सांगते आहे.

तर असं आहे. कोणीच खोटं बोललं नव्हतं, एक नानांग सोडली तर. आणि तिच्यावर रागावायचं तर कसं, ती तिकडे मेणबत्त्यांखाली झोपली आहे.

गुरुवार

हे पत्र कालच संपवायला हवं होतं. संपवलं नाही, कारण एक गोष्ट लिहायची टाळते आहे. आज सकाळपासून काउंटर तीनदा पुसला.

ती टेप मला सापडून बरेच दिवस झालेत. जोरीला मी सांगितलेलं नाही. तुलाही नाही. मागच्या रविवारी तू मेसेजवर विचारलंस, टेपांचं काम कुठवर आलं, तर मी बुरशीवर एवढं मोठं लिहिलं. फाईल कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. एक बटण दाबलं तर जाईल, टेपही बुरशीने गेली म्हणता येईल. मी त्या बटणावर बोट ठेवून बसले आहे, मानांग, एकदा नाही.

कारण असं की, तू येत नाहीस हे कळल्यावर जोरीने मला विचारलं. चर्चमध्ये तिच्याबरोबर चालायला. आईच्या जागी. पिनाकबेतची भाजी चिरत होतो, ती वांग्याकडे बघत म्हणाली, "आंटी, तूच चल ना. नाहीतरी तूच आहेस." मी हो म्हटलं. विचार करायला एक क्षणही घेतला नाही. लगेच दुसऱ्या दिवशी विगानला जाऊन कापड आणलं, जांभळट राखी, आणि गाऊन शिवायला टाकला. घरी आरशासमोर उशीचा अभ्रा डोक्यावर घेऊन चालूनही बघितलं. या वयात.

मला मूल नाही, नवरा नाही, त्याचं मला कधी फारसं वाटलं नाही, कारण जोरी होती. तिला गोवर आला तेव्हा मी. तिची पहिली पाळी आली तेव्हा मी. अल्विनला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा चप्पल काढ म्हणून ओरडले तीही मी. आणि आता या टेपेतून तू येणार, पिवळा एप्रन घालून, तिशीचीही नसलेली, आणि दहा मिनिटांत तिला घेऊन जाणार. मला हेवा वाटला. वाटतो आहे. तू तिकडे दुसऱ्यांची मुलं वाढवलीस आणि आपल्या मुलीशी बोलायचं म्हणून एका यंत्राशी बोलत राहिलीस, हे बघूनही मला हेवा वाटतो, यावरून काय समजायचं ते समज.

तू काय बोलली होतीस ते तुला आठवतं का? मी सांगते. तू प्रश्न विचारायचीस आणि थांबायचीस. "जेवलीस का?" मग गप्प, कॅमेऱ्याकडे बघत, मान हलवत, जणू ती उत्तर देते आहे. "केस किती वाढले? पाठ फिरव बघू." परत थांबलीस. "बाई गं, केवढे लांब." मग दात दाखवायला सांगितलंस. मग, नानांगला त्रास देऊ नकोस म्हणालीस. आणि शेवटी हात पुढे केलास, पालथा, थेट कॅमेऱ्यापर्यंत, बोटांवर साबणाने भेगा पडलेल्या. "ये, कपाळ लाव मम्मीच्या हाताला." आणि थांबलीस. फार वेळ थांबलीस. मग म्हणालीस, "देव भलं करो, माझ्या बाळा," आणि बोटाने कॅमेरा बंद केलास.

फिएस्टाच्या त्या दोन टेपाही मी शेवटपर्यंत चालू दिल्या. सुंदरीच्या डोक्यावर मुकुट चढतो, बँड वाजतो, टाळ्या, आणि मग पट्टे. यादीत दुसरी पद्धत निवडली तर तुझा हात. दोन्हीत. बाकी सगळं पुसलं गेलं, हात तेवढा राहिला.

शनिवारी जोरी गाऊन बघायला येते आहे. काय करू ते मला माहीत नाही. तू सांगशील म्हणून विचारत नाही, पत्र तुला मिळेल तोवर शनिवार होऊन गेलेला असेल.

रविवार

दाखवली.

ती आली, मी गाऊन घातला, तिने मागून चेन लावली आणि म्हणाली, "आंटी, तू तर माझ्यापेक्षा नवरी दिसतेस." त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं असतं. पण मी तशीच गाऊन घातलेली दुकानात गेले, शटर अर्धं ओढलं, तिला स्टुलावर बसवलं आणि फाईल लावली. काही समजावून सांगितलं नाही. सांगत बसले असते तर हिंमत गेली असती.

आधी तिने हाताची घडी घातली. तुझं कपाळच दिसत होतं तेव्हा म्हणाली, "ही कोण?" मग तू वाकलीस. तिने स्टूल पुढे ओढलं. तू विचारलंस, जेवलीस का, आणि थांबलीस. जोरी माझ्याकडे वळून म्हणाली, "ही कोणासाठी थांबली आहे?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी. तू चार वर्षांची आहेस." ती परत पडद्याकडे वळली. संपल्यावर म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्यांदा तू विचारलंस, जेवलीस का, तर ही हळू आवाजात म्हणाली, "हो, खाल्लं." तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही. केसांचं आलं तेव्हा स्टुलावरच जरा वळली. ती आता केस कापते, मानेपर्यंत, तुला माहीतच आहे.

मग मी तिला सगळं सांगितलं, पट्टे, पावडर, फोन, भीड. ती ऐकत होती आणि वायरीशी खेळत होती. म्हणाली, "मला पट्टे आठवतात, आंटी. लोला आजी म्हणायची, यात मम्मी आहे, नीट बघ. मी खूप नीट बघायचे. मला वाटायचं मलाच दिसत नाहीये." आणि मग ती रडली, मोठ्याने, लहान मुलासारखी, बाहेर गिऱ्हाईक उभं होतं तरी. मी गाऊनच्या बाहीने तिचे डोळे पुसले. डाग पडलाय, निघेल.

तिसऱ्यांदा तिने स्वतःच लावली. शेवटी तुझा हात आला, काचेपर्यंत. मी तिच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, आता वाकेल. ती वाकली नाही. तू थांबलीस, तीही थांबली. तुझा आशीर्वाद देऊन झाला, पडदा काळा झाला, तेव्हा नाक पुसत म्हणाली, "काचेला कपाळ लावून काय होणार? तिला म्हणावं, हात घेऊन ये."

अगदी हेच शब्द. मी यात काही घातलेलं नाही, काही गाळलेलं नाही.

तेव्हा मालकिणीला दवाखान्यात दुसरं कोणी नेईल. तिला मुलं आहेत, तूच वाढवलेली. त्यातल्या कोणाला तरी सांग.

आणि आता माझं. चर्चमध्ये नवरीच्या दोन बाजू असतात. आईची बाजू तुझी. ती मी सोडली, आनंदाने सोडली असं लिहिणार नाही, पण सोडली. बापाची, सेसारची बाजू मात्र रिकामी आहे, तिथून मला कोणी हलवायचं नाही, तूही नाही. जोरीला विचारलं, ती म्हणाली, "मग काय, एकीला डावीकडे धरते, एकीला उजवीकडे, नाहीतर रस्त्यात भांडाल." कापड उरलं आहे, तुझाही गाऊन त्याचाच होईल. छाती, कंबर आणि उंची मोजून पाठव. शिंपीण म्हणते बुधवारपर्यंत माप हवं. हे मेसेजवर पाठवलंस तरी चालेल, फोन केलास तरी चालेल. मी उचलेन.

तुझ्या मापासाठी अडून बसलेली,
तुझी धाकटी,
वेनिंग